एकोणचाळीस दिवसांपैकी तेहतीस

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफलोत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, आणि त्या दिवशी माझं धावणं बंद पडायचं. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. आदल्या आठवड्यापर्यंत कामावरून आल्यावर थोडा उजेड हाताशी असायचा. त्या रविवारनंतर पाचलाच काळोख, आणि डिसेंबरात तर पावणेपाचच्या आधीच सूर्य गेलेला. त्यात खाण्याचे दिवस. आपली दिवाळी, मग थँक्सगिव्हिंग, म्हणजे इथला आभार मानण्याचा मेजवानीचा सण, मग ऑफिसातल्या पार्ट्या, नाताळ, नवं वर्ष. मार्चमध्ये बूट बाहेर काढले की पहिल्या अर्ध्या मैलातच धाप लागायची आणि सगळं पहिल्यापासून.

२०२२ साली दिवाळी २४ ऑक्टोबरला होती. आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती आणि बहात्तराव्या वर्षी माझ्या विजेच्या शेगडीशी जुळवून घेत तिने चकल्या, शंकरपाळी, अनारसे असं सगळं केलं होतं. फराळाचे डबे अजून भरलेले असतानाच माझ्या वार्षिक तपासणीचा निकाल आला. एचबीएवनसी ५.९. हा आकडा मागच्या साधारण तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देतो, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. माझ्या बाबांना पंचेचाळिसाव्या वर्षी मधुमेह झाला होता आणि मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होते. डॉक्टरबाईंनी शांतपणे सांगितलं की भारतीय उपखंडातल्या लोकांना वजन फारसं नसतानाही हा आजार गाठतो, तेव्हा वजनकाट्यावर विसंबू नका. आणि म्हणाल्या, तुम्ही उन्हाळ्यात धावता हे चांगलंच आहे, पण शरीराला हिवाळाही असतो.

ते वाक्य घेऊन मी घरी आले.

इथे धावणाऱ्यांमध्ये एक प्रघात आहे: थँक्सगिव्हिंगपासून १ जानेवारीपर्यंत रोज निदान एक मैल धावायचं. एक मैल म्हणजे १.६ किलोमीटर, माझ्या गतीने बारा-तेरा मिनिटं. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो, त्यामुळे दिवसांची संख्या दर वर्षी बदलते. त्या वर्षी तो २४ तारखेला होता. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मोजले तर एकोणचाळीस भरले. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "म्हणजे सव्वा महिनाच की. बाळंतिणीला जपतात तेवढा. तेवढे दिवस तू स्वतःला जप."

मी आजवर हिवाळ्यात का टिकले नाही, याचा तेव्हा प्रथमच नीट विचार केला. थंडी हे कारण होतं, पण खरं कारण दुसरं होतं. मी धावण्याला दंड करून टाकलं होतं. पम्पकिन पायचा एक तुकडा खाल्ला की दुसऱ्या दिवशी तीन मैल. ऑफिसच्या पार्टीत दोन कुकी जास्त झाल्या की शनिवारी सहा मैल. सवय नसताना, थंडीत आखडलेल्या पायांनी, रागाने धावलेले ते सहा मैल. चौथ्या-पाचव्या वेळी गुडघा दुखायला लागायचा आणि मग हायसं वाटून मी थांबायचे. दंड भरायला कोण आनंदाने जातं? म्हणून या वेळी ठरवलं: खाण्याचा हिशेब धावण्यात आणायचा नाही. काल काय जेवले याचा आजच्या मैलाशी संबंध नाही. मैल एकच, सणाला आणि उपासाला सारखाच.

नोव्हेंबरचे पहिले तीन आठवडे तयारीत गेले. संध्याकाळ सोडून दिली आणि पहाटे सहाची वेळ धरली, कारण दिवसभरात सणाच्या दिवसांत कोण कधी बोलावेल सांगता येत नाही. पहाट मात्र कुणी मागत नाही. कपड्यांचं गणित आधी चुकलं. मी गरम वाटेल असं जाड सुती बनियन आणि त्यावर स्वेटर घालून गेले, दहा मिनिटांत सुती कापड घामाने ओलं झालं आणि परतताना तेच अंगाला बर्फासारखं चिकटलं. मग शिकले. आत घाम ओढून घेणारा पातळ थर, वर वारा अडवणारं जॅकेट, लोकरीचे मोजे, कानटोपी. बाहेर आहे त्यापेक्षा दहा अंश जास्त आहे असं समजून कपडे घालायचे; दारातून बाहेर पडताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. आणि वाऱ्याकडे तोंड करून सुरुवात करायची. बफलो इरी सरोवराच्या पूर्व टोकाला आहे, वारा बहुतेक पश्चिमेकडून, पाण्यावरून येतो. अंग कोरडं असताना तो तोंडावर घ्यायचा आणि घाम आल्यावर पाठीवर. उलट केलं तर परतीचा अर्धा मैल कुडकुडत काढावा लागतो. कपाळावर दिवा, अंगात चमकणारा पट्टा, आणि फुटपाथवर बर्फ साचला असेल तर समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूने. बुटांवर ओढून चढवायची एक रबरी जाळी मिळते, तिला खाली धातूचे काटे असतात. ती मी घेतली. सगळ्यात भीती मला काळ्या बर्फाची, म्हणजे डांबरावर गोठलेल्या त्या पातळ थराची, जो नुसता ओला रस्ता वाटतो.

आई रोज पहाटे उठून खिडकीशी उभी राहायची. परत आले की पहिला प्रश्न, "पाय कोरडे आहेत ना?"

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या आठवड्यात, १७ ते २० नोव्हेंबरला, सरोवराने आपलं रूप दाखवलं. पाणी अजून उन्हाळ्याची ऊब धरून असतं, त्यावरून कोरडी गार हवा वाहते, बाष्प उचलते आणि किनाऱ्यावर येऊन बर्फाचा एक अरुंद पट्टा ओतते. पट्ट्याच्या आत भिंत, बाहेर ऊन. त्या वेळी पट्टा शहराच्या दक्षिणेकडे बसला होता. ऑर्चर्ड पार्क आणि हॅम्बर्गमध्ये दोन मीटरच्या आसपास बर्फ पडला. आम्ही नॉर्थ बफलोत, हर्टल अव्हेन्यूजवळ राहतो. आमच्याकडे त्या मानाने पुष्कळच कमी. बिल्स हा इथला अमेरिकन फुटबॉलचा संघ, त्यांचं मैदान ऑर्चर्ड पार्कला. त्यांना आपला घरचा सामना डेट्रॉइटला जाऊन खेळावा लागला.

आणि तरी गुरुवारी टर्की ट्रॉट झाली.

ही शर्यत मी अकरा वर्षं फुटपाथवरून पाहिली होती. थँक्सगिव्हिंगच्या सकाळी अमेरिकेत गावोगावी टर्की ट्रॉट होतात, पण आमची मूळची. १८९६ साली इथल्या वायएमसीए या युवक संस्थेने ती सुरू केली. बॉस्टन मॅरेथॉन त्याच्या पुढच्या एप्रिलमधली. पहिल्या वर्षी सहा जण धावले आणि चौघांनी शर्यत पूर्ण केली. राहिलेल्या दोघांपैकी एकाला उशिरा केलेली न्याहारी बाधली, असं तेव्हापासून सांगितलं जातं. त्या सकाळी आई पोह्यांची बशी पुढे करून उभी होती तेव्हा मी तिला ही गोष्ट सांगितली. ती विचारात पडली आणि बशीवर झाकण ठेवलं. मी अर्धं केळं आणि कपभर चहा घेतला.

त्या वर्षीची शर्यत १२७वी. आठ किलोमीटर, जवळजवळ सगळी डेलावेअर अव्हेन्यूने, आमच्या भागातून सरळ शहराच्या मध्यापर्यंत. माझी सोळा वर्षांची लेक डोक्यावर टर्की पक्ष्याची कापडी टोपी घालून बरोबर होती. इथे निम्मे लोक काहीतरी सोंग घेऊन येतात. टर्की असतात, पिलग्रिम म्हणजे अमेरिकेत आलेले जुने इंग्रज वसाहतकार असतात, मक्याची कणसंही धावतात. माणसं हजारोंनी. सुरुवातीची दहा मिनिटं धावणं म्हणताच येत नाही, वारीत पुढच्याच्या टाचेकडे पाहत चालतात तसं. डेलावेअर पार्कमधल्या नागमोडी वळणांवर गर्दी जरा विरळ झाली आणि तिथे मला माझा श्वास सापडला. पुढे फॉरेस्ट लॉनचं जुनं कब्रस्तान, गेट्स सर्कल, मग थिओडोर रूझवेल्टनी १९०१ मध्ये ज्या घरात राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली ते खांबांचं घर. त्याच्या समोरच्या फुटपाथवर एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत ब्लँकेट घेऊन बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला "हॅपी थँक्सगिव्हिंग" म्हणत होते. प्रत्येकाला. मला त्यांचा चेहरा अजून आठवतो.

एका तासाला दोन मिनिटं कमी असताना मी कन्व्हेन्शन सेंटरपाशी पोचले. लेक बारा मिनिटं आधीच येऊन थांबली होती. पहिला दिवस झाला.

दुपारी बिल्स पुन्हा डेट्रॉइटला खेळले आणि २८–२५ने जिंकले, त्यामुळे शेजारच्या घरी आम्ही जेवायला गेलो तेव्हा सगळा रस्ताच खुशीत होता. ते जोडपं सत्तरीतलं, मुलं दूर कॅलिफोर्नियात. टर्की, स्टफिंग, मॅश केलेले बटाटे, क्रॅनबेरीचा सॉस, फरसबीचं कॅसरोल, भोपळ्याचा पम्पकिन पाय. आईने तांबड्या भोपळ्याचे घारगे करून नेले होते. भोपळा आणि गूळ एकत्र आल्यावर ती चव त्यांना अनोळखी वाटलीच नाही. शेजारीणबाईंनी तीन खाल्ले आणि कृती लिहून घेतली. मी सगळं खाल्लं. पोटभर, आणि मनावर कुठलंही ओझं न ठेवता. हे मला मुद्दाम लिहावंसं वाटतं, कारण वर्षानुवर्षं त्या टेबलावर मी मनात उद्याचे मैल मोजत बसले होते आणि समोरच्या माणसांचं बोलणं अर्धंच ऐकलं होतं.

जेवण झाल्यावर सगळे सोफ्यात रुतले. आई मात्र उठली, कोट चढवला आणि मला म्हणाली, "चल, शतपावली करू." शेजारीणबाईंनी विचारलं, ही कुठे निघाली? मी सांगितलं, आमच्याकडे जेवणानंतर शंभर पावलं चालतात. त्या लगेच उठल्या. मग त्यांचे यजमान, मग माझा नवरा आणि लेक. आम्ही सहा जण अंधारात, दोन्ही बाजूंच्या बर्फाच्या ढिगांमधून कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. भरल्या पोटी धावायचं नसतं, जड जेवणानंतर निदान दोन-तीन तास तरी नाहीच. पण सावकाश चालल्याने जेवणानंतर चढणारी साखर आवरते. डॉक्टरबाईंनी हेच सांगितलं होतं. आईने ते कधीच कुठे वाचलं नव्हतं. तिच्या आईने केलं म्हणून ती करत होती.

डिसेंबराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पहाटे सहा, अंधार, एक मैल, आंघोळ, काम. कंटाळा आला, बरेचदा आला. आठव्या दिवशी पोटरी आखडली तेव्हा मैल इतका हळू धावले की एका श्वानाला फिरवणाऱ्या बाई माझ्या पुढे गेल्या. रविवारी डेलावेअर पार्कच्या रिंग रोडवर एक फेरी, ती जवळपास पावणेदोन मैलांची. ऑफिसात कुकींची अदलाबदल झाली, दोन पार्ट्या झाल्या, एका मराठी मित्रमंडळाच्या जेवणात पुरणपोळी झाली. साताऱ्याहून दादा रविवारी फोन करायचा. तो यवतेश्वरचा घाट चढून धावणारा, तिथल्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये भाग घेणारा. एकेक मैलाची माझी नोंद त्याने कधी हलकी मानली नाही. "आज कितवा?" एवढंच विचारायचा.

तिसावा दिवस २३ डिसेंबरचा. हवामान खात्याने चार दिवस आधीपासून बजावून ठेवलं होतं की पिढीत एकदा येतं असं वादळ आहे. पहाटे बाहेर पडले तर अंगावर रिमझिम पाऊस आणि हवा डिसेंबरला न शोभणारी मऊ. मी घरासमोरच्याच रस्त्यावर चार वेळा जाऊन-येऊन मैल पुरा केला, लांब गेले नाही. सकाळीच वारा फिरला. पारा कोसळला, पावसाचा बर्फ झाला, आणि साडेनऊला गाड्या चालवायला बंदी आली. दुपारी आमच्या खिडकीतून समोरचं घर दिसेना.

संध्याकाळी वीज गेली. इथली भट्टी गॅसवर चालते, पण गरम हवा घरभर ढकलणारा पंखा विजेवर असतो, त्यामुळे वीज गेली की ऊबही जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात नऊ अंश. वारा असा की जुन्या घराचे वासे बोलत होते. नवऱ्याने आधीच एक छोटी गॅसची शेगडी आणून ठेवली होती, खिडकी किंचित उघडी ठेवून तिच्यावर चहा आणि खिचडी होत होती, पण ती पेटवून ऊब घ्यायची नाही, हे त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. बंद घरात तिच्यातून निघणारा विषारी वायू जीव घेतो.

त्या सकाळी मी दिवाणखान्यात उभी राहून बुटांकडे पाहत होते. एकतिसावा दिवस. खरं सांगते, क्षणभर मनात आलं की दारापासून रस्त्यापर्यंत तरी. लेकीने ते ओळखलं असावं. "आई, नको," एवढंच म्हणाली. बाहेरच्या बातम्या फोनवर येत होत्या, गाड्यांत अडकलेल्या माणसांच्या, रुग्णवाहिका पोचू न शकलेल्या घरांच्या. पुढे कळलं, एकट्या इरी काउंटीत सत्तेचाळीस माणसं गेली. कुणी गाडीत, कुणी थंड घरात, कुणी बर्फ उपसताना हृदय थांबून. मी बूट कपाटात ठेवले. एका आकड्यासाठी दार उघडणं म्हणजे घरातल्या तिघांना आणि मला शोधायला येऊ शकणाऱ्या कुणालातरी धोक्यात घालणं होतं.

आई ब्लँकेटमध्ये गुंडाळून बसली होती. तिचे हात गार पडायला लागले होते. थोड्या वेळाने ती उठली, शालीवर कोट घातला आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून चालायला लागली. बफलोतली जुनी घरं अरुंद आणि लांब असतात. मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत तिची अठरा पावलं भरली. तिकडून परत. मी तिच्या मागे गेले. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिक्षिका होती. चालता चालता तिने पाढे सुरू केले, प्रत्येक पावलाला एक ओळ. बे एके बे, बे दुणे चार. लेक हसत मागे आली, मग नवरा. दोनपासून तीसपर्यंत एक आवर्तन. एकोणतीसच्या पाढ्यात आम्ही सगळे अडखळलो, ती नाही. मग तिने लहानपणी शिकलेली पावकी, निमकी, सवायकी काढली, जी मलाही कधी नीट आली नव्हती. चार सव्वे पाच. लेकीला ते "चार सव्वे पाच" इतकं आवडलं की ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तासा-दीड तासाने ब्लँकेटं, मग पुन्हा चालणं. त्या दिवशी आणि त्या रात्री आम्ही असे किती वेळा चाललो ते मोजलं नाही. आईचे हात मात्र मी दर वेळी हातात घेऊन पाहत होते, आणि चालून आल्यावर ते गरम असायचे.

नाताळच्या दुपारी वारा जरा पडला. समोरच्या घरात वीज होती. त्या घरातल्या तरुणाने दारातून ओरडून बोलावलं. रस्ता ओलांडायला आम्हाला वीस मिनिटं लागली, बर्फ कमरेपर्यंत. पुढे तो तरुण आणि नवरा वाट फोडत होते, मधे आई, मागे आम्ही दोघी. शेजारचं म्हातारं जोडपंही तिथे आधीच येऊन पोचलं होतं. त्या घरात दोन रात्री नऊ माणसं राहिली. संध्याकाळी जेवण झाल्यावर शेजारीणबाईंनी आईकडे पाहून विचारलं, "शतपावली?" त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नऊ जणांनी त्या परक्या दिवाणखान्यात फेऱ्या मारल्या.

शहरातली वाहनबंदी २९ तारखेला उठली. त्याआधी तीन दिवस आम्ही बर्फच उपसत होतो, पंधरा मिनिटं उपसायचं आणि पाच मिनिटं थांबायचं, छातीवर जोर येऊ न देता. मग हवा एकाएकी उबदार झाली आणि गटारं भरून वाहू लागली. ३० डिसेंबरच्या पहाटे मी पुन्हा बूट घातले. सहा दिवसांच्या खंडानंतर पाय जड असतील असं वाटलं होतं. तसे ते नव्हते. दादाचा फोन आला, "आज कितवा?" मी म्हटलं, "मधले सहा गेले रे." तो म्हणाला, "बरं. मग आज एकतिसावा."

१ जानेवारीला सगळे डेलावेअर पार्कमध्ये गेलो. रस्त्याच्या कडेला करडा पडलेला बर्फ, मधे ओलं डांबर. मी आणि लेक धावत पुढे गेलो, आई आणि शेजारीणबाई चालत मागे. फेरी पुरी करून आम्ही वळणावर आलो तेव्हा त्या दोघी समोरून येत होत्या, एकमेकींचा हात धरून, आणि आई त्यांना बेचा पाढा शिकवत होती. त्या "बे चोक आठ"पर्यंत पोचल्या होत्या.